आयकॉनच्या कोपऱ्यातला बाण

सालातिगा
३ मार्च २०१३

प्रिय लास्मी,

तुझ्या कांगचा, थोरल्या भावाचा आशीर्वाद. एक गुडघा सोडला तर मी धडधाकट आहे. तूही बरी असशील, आणि तुझी ती नव्वदीची आजीबाई तुला दुपारी तरी तासभर पाठ टेकू देत असेल, अशी आशा करतो. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं. फोनवर आपलं बोलणं 'जेवलास का' आणि 'जेवलीस का' यातच संपतं, म्हणून मी टाइप करतोय. नाहीतरी दुसरं काही टाइप करायला राहिलेलं नाही. पोरांकडे आता स्वतःचे लॅपटॉप आहेत. प्रबंध टाइप करून घ्यायला माझ्या दुकानात कोण येणार? गेल्या आठवड्यात एकच बाई आली, तीही लग्नपत्रिकेवरचे पत्ते छापून घ्यायला. दाराबाहेर 'टायपिंग, छपाई, बांधणी' ही पाटी अजून आहे, एवढंच.

हाँगकाँगमध्ये तू रविवारच्या वर्गात कॉम्प्युटर शिकायला लागलीस हे वाचून मला हसू आलं आणि बरंही वाटलं. तू चार प्रश्न विचारलेस. वर्गातल्या तुझ्या बाईंना ते 'फालतू' वाटले असतील, मला नाही वाटले. अठरा वर्षं मी या यंत्रांच्या खोडी काढतोय आणि ती माझ्या काढतायत. तेव्हा क्रमाने घेऊ.

पहिला. फाइल कॉपी होताना 'दोन मिनिटं राहिली' म्हणतं, मग 'चाळीस मिनिटं', मग एकदम 'पाच सेकंद', असं का? अगं, त्याला काही माहीत नसतं. गेल्या क्षणी किती काम झालं ते बघून उरलेलं ठोकून देतं. सेमारंगच्या बसचा कंडक्टर 'निघालीच, निघालीच' म्हणतो ना, तसलंच ते. त्याच्याकडे बघू नकोस, उठून चहा कर.

दुसरा. नवीन फोल्डर केला, तो पुसला, पुन्हा केला तर पहिलंच नाव मिळतं. पण न पुसता दुसरा केला तर नावापुढे कंसात दोन येतो. बरोबर आहे. मेलेल्याची जागा ते लगेच दुसऱ्याला देतं. नाव न देता ठेवू नकोस. माझ्याकडे एकेकाळी 'नवीन फोल्डर' कंसात सदतीसपर्यंत गेले होते, आणि प्रत्येकात कुणाचं तरी आयुष्य.

तिसरा. माउसने एक खिडकी डोक्याला धरून हलवलीस आणि बाकीच्या सगळ्या खिडक्या गायब झाल्या, तू रडकुंडीला आलीस. वेडे, ती सोयच आहे. एकीला धरून गदगदा हलवलं की बाकीच्या खाली दडी मारतात. पुन्हा हलव, जशाच्या तशा वर येतात. काही गेलेलं नसतं. मलाही पहिल्यांदा घाम फुटला होता.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या बाई म्हणतात की खुल्या विद्यापीठाचं केंद्र तिथेच आहे, रविवारी वर्ग असतात, तुझे जुने विषय धरले जातील आणि दीड वर्षात पदवी हातात येईल. मालकीणही हो म्हणाली. फॉर्म तीस एप्रिलपर्यंत घेणार. आणि तू लिहितेस, "नको कांग. ज्या पोरीला एक फ्लॉपी सांभाळता आली नाही तिने पुन्हा कागदाच्या वाटेला जाऊ नये. फॉर्ममध्ये शिक्षण का सुटलं असं विचारतात, तिथे मी 'निष्काळजीपणा' एवढंच लिहू शकते." हे काय लिहिणं झालं? बुरशी कुणाच्याही फ्लॉपीला लागायची. सालातिगाच्या हवेत भिंतीला लागते, चामड्याच्या पट्ट्याला लागते. झालं गेलं. फॉर्म भर, मोठा भाऊ सांगतोय म्हणून भर.

चौथ्या प्रश्नाचं लिहिणार होतो, पण गिऱ्हाईक आलंय. पुन्हा कधी.

तुझा,
कांग वर्जी


सालातिगा
२६ मार्च २०१३

प्रिय लास्मी,

आशीर्वाद. परवा रविवारी तू फोनवर म्हणालीस, "कांग, चौथ्याचं उत्तर दिलंच नाहीस. काही आयकॉनच्या कोपऱ्यात छोटासा बाण असतो, तो कशाचा?" आणि मी म्हणालो, दूध उतू जातंय, ठेवतो. तू हसलीस. मी दूध घेत नाही हे तुला पक्कं माहीत आहे. मागच्या पत्रातलं गिऱ्हाईकही खोटं होतं.

खरं सांगू का, तुझा फोन ठेवला की घर जास्तच मोकळं वाटतं. आई गेल्यापासून नऊ वर्षं झाली, तरी मी दोन माणसांचा भात टाकतो आणि संध्याकाळी कोंबड्यांना घालतो. दिवसभरात माझ्याशी बोलतं कोण? शेजारची टेम्पेवाली बू गिना सकाळी केळीच्या पानातली आंबवलेल्या सोयाबीनची पुडी कठड्यावर ठेवते आणि म्हणते, "वर्जी, आज तरी नीट कालवण कर, नुसतं तळून खाऊ नकोस." तेवढंच एक वाक्य. बाकी यंत्र बोलतं. 'तुम्हाला खात्री आहे का?' असं विचारतं. मी हो म्हणतो. म्हणून तुझा रविवार मला फार लागतो, लास्मी. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तो राहील की नाही माहीत नाही.

तर बाण. ज्या आयकॉनला बाण असतो ती फाइल नसते. ती फाइलकडे बोट दाखवणारी पाटी असते. खरी फाइल आत कुठेतरी दुसरीकडे असते. पाटीवर टिचकी मारली की ती आपल्याला तिथे नेते. ती पुसली तरी फाइलला धक्का लागत नाही. आणि ती कॉपी केली, तर फक्त पाटीच कॉपी होते.

जून नव्व्याण्णव. तुझा प्रबंध रोज टाइप करायचा म्हणून मी त्याची अशी एक पाटी समोरच्या पडद्यावर ठेवली होती. जडीबुटीचा जामू काढा विकणाऱ्या बायकांवरचा तुझा प्रबंध, चौऱ्याण्णव पानं. पहाटे पाठीवर बाटल्यांची टोपली बांधून निघणाऱ्या त्या बायकांमागे तू वर्षभर चाललीस. तू हाताने लिहायचीस, मी टाइप करायचो, आणि टाइप करून झालेली तुझी हाताने लिहिलेली पानं मी बू गिनाला पुड्या बांधायला देऊन टाकायचो. सगळे तसंच करत. छपाई एकदम शेवटी, म्हणजे पान वाया जात नाही. सगळ्यांना मीच हे शिकवलं होतं.

तोंडी परीक्षेच्या आधीच्या सोमवारी कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला. दर सहामाहीला यायचा. उपाय ठरलेला, सगळं फ्लॉप्यांवर काढायचं, यंत्र धुऊनपुसून कोरं करायचं, सिस्टीम पुन्हा घालायची. मी तेरा जणांचं काम काढलं. तुझंही. पडद्यावरचा आयकॉन धरला आणि फ्लॉपीवर नेऊन सोडला. बाण मला दिसला नाही, कारण तो रोज दिसायचा.

एवढंच नाही, मी तपासलंसुद्धा. फ्लॉपीवरून उघडून बघितलं. उघडलं. चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव पानं, तुझ्या तळटिपांसकट. का नाही उघडणार? खरी फाइल अजून यंत्रातच होती, पाटीने तिकडे नेलं. मी निश्चिंत झालो, फ्लॉपी तुझ्या हातात दिली, बुधवारी यंत्र पुसलं आणि बाकीच्यांचं काम परत आत चढवलं.

गुरुवारी तू छापायला फ्लॉपी घेऊन आलीस आणि किती प्रती लागतात ते विचारायला कॉलेजात गेलीस. मी फ्लॉपी घातली. पडद्यावर एक छोटी बॅटरी आली, इकडून तिकडे फिरून शोधायला लागली. मग ते यंत्र म्हणालं की तुमची फाइल सापडत नाही, पण आकाराने आणि तारखेने सर्वांत जवळची ही आहे, चालेल का? आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यावरचा कुणाचा तरी प्रबंध पुढे केला.

तर तुझा प्रबंध माझ्या हातून गेला, लास्मी. बुरशीचं म्हणशील तर फ्लॉपीवर बुरशी होती की नव्हती, इतक्या वर्षांनी नीट आठवत नाही. असेलही. पण गोष्ट आधीच घडून गेली होती. फॉर्म भरशील ना?

तुझा,
कांग वर्जी


सालातिगा
१६ एप्रिल २०१३

लास्मी,

हे पत्र जलद टपालाने टाकतोय. आठवड्यात मिळायला हवं.

रविवारी फोन वाजला तेव्हा मी तो चार वेळा वाजू दिला. वाटलं, आता ही ओरडणार. तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "एवढंच होय? आणि चौदा वर्षं मनात ठेवलंस? कांग, तू पण ना." मग म्हणालीस, "म्हणजे दोघांचंही चुकलं. तू नुसता बाण दिलास, मी त्याच्यावर बुरशी चढवली. खरी फाइल दिली असतीस तरी मी ती त्या डब्यात घालवलीच असती की. बुरशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. फिटंफाट झाली." हसलीससुद्धा. मी विचारलं, फॉर्म? तू म्हणालीस, "तो विषय नको. माझी बुरशी माझीच आहे."

तू मला माफ केलंस. ज्या गोष्टीबद्दल माफ केलंस ती अर्धीच होती, आणि मी ती मुद्दाम अर्धी ठेवली होती. 'नीट आठवत नाही' असं मी लिहिलं. मला सगळं आठवतं.

तुझ्या फ्लॉपीला बुरशी नव्हती. एक ठिपकासुद्धा नाही. तू ती करुपुक पापडांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचीस, हवा लागू नये म्हणून, तळाशी कोरडे तांदूळ पसरून. आख्ख्या सालातिगात एवढी जपून ठेवलेली फ्लॉपी नसेल. गिऱ्हाइकांना मी तुझं उदाहरण द्यायचो.

ती बॅटरी पडद्यावर फिरत असताना मला तुझा विचार आधी आला नाही. दुकानाचा आला. तीनच वर्षं झाली होती दुकानाला. बाकीचे बारा जण येतील, विचारतील, की ज्याने सख्ख्या बहिणीचं काम घालवलं त्याच्याकडे आमचं कसं ठेवायचं? मग आईचा विचार आला. ती मागे चुलीपाशी होती, तुला परीक्षेला घालायची कबाया, ती लांब बाह्यांची चोळी, इस्त्री करत. ती सगळ्यांना सांगायची की माझा वर्जी यंत्रातला डॉक्टर आहे.

खणात एका पोराची बुरशी लागलेली फ्लॉपी पडून होती. मी टाकून द्यायची म्हणून ठेवलेली. तुझ्या फ्लॉपीवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी होती, 'लास्मीनी, प्रकरण १ ते ५'. मी ती नखाने सावकाश सोडवली, फाटू नये म्हणून कडेला ओलं बोट लावलं, आणि त्या दुसऱ्या फ्लॉपीवर चिकटवली. कोपरे दाबून बसवले. तुझी खरी फ्लॉपी मागच्या ओढ्यात टाकली. हे सगळं मी तू कॉलेजातून परत यायच्या आत केलं. हात थरथरले नाहीत, हेही सांगतो, कारण मला त्याचीच जास्त लाज वाटते.

तू आलीस. मी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून तुला आतले पांढरे ठिपके दाखवले. तू ती हातात घेऊन उजेडाकडे धरलीस. मग म्हणालीस, "डबा मीच धुतला होता. ओला राहिला असेल."

आणि मी म्हणालो, असेल.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. आईच्या आजारपणात तुझ्या दोन सहामाह्या गेल्या होत्या, तीच शेवटची संधी होती, यादीतून तुझं नाव कमी झालं. दुसऱ्या वर्षी तू परदेशी घरकामाला पाठवणाऱ्या एजन्सीच्या गाडीत बसलीस. आईने ती कबाया घडी घालून कपाटात ठेवली. मरेपर्यंत म्हणायची, "पोरगी हुशार, पण लक्ष नाही तिचं." मी शेजारी बसून तिला पेज भरवायचो आणि ऐकायचो. तिला तरी सांगायला हवं होतं. नऊ वर्षांपूर्वी तीही वाट बंद झाली. गल्लीतल्या बायका मुलींना अजून सांगतात, लास्मीसारखं करू नका, वस्तू जपा. वस्तू जपणारी आख्ख्या गल्लीत तूच होतीस.

का सांगितलं नाही म्हणशील. पहिल्या वर्षी भीती होती. मग तू पैसे पाठवायला लागलीस, आईच्या औषधांचे, छपराचे, आणि ते घेताना तोंड उघडेना. मग सवय झाली. मी चांगला भाऊ आहे असं सगळे म्हणत आणि मी मान हलवत असे. तू तो बाणाचा प्रश्न विचारला नसतास तर मी हे घेऊनच गेलो असतो.

पत्राने तुला कळेल, पण फॉर्मच्या त्या रकान्याचं काय? म्हणून मी सोमवारी एक काम केलं. कोरा कागद घेतला, टाइप केलं, खाली महसुली तिकीट चिकटवलं आणि 'सुवर्जी' अशी पूर्ण नावाची सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर केली. आपल्याकडे त्याशिवाय कुणी खरं मानत नाही. साक्षीदार लागतो म्हणून गल्लीचे मुख्य पाक सुगेंग यांच्याकडे गेलो. त्यांना वाटलं जमिनीचं काही असेल. ओसरीवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"ती चिठ्ठी तू काढलीस?" ते म्हणाले.

"हो."

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"नाही."

"माझ्या मुलीला मी लास्मीचं नाव घेऊन ओरडायचो रे," ते म्हणाले. त्यांची बायको चहाचे दोन पेले घेऊन आली होती, ती दारातच थांबली. पाक सुगेंगनी सही केली, शिक्का मारला, कागद माझ्यापुढे सरकवला. बस म्हणाले नाहीत. मीही थांबलो नाही.

आज सकाळी कठड्यावर टेम्पेची पुडी नव्हती. म्हणजे गल्लीला कळलं. कळायलाच हवं होतं. बू गिना दारात उभी होती, माझ्याकडे बघून आत गेली. आईनंतर एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, आणि हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

तो कागद सोबत जोडला आहे. त्यात लिहिलंय की लास्मीनी हिचा प्रबंध तिच्या भावाच्या चुकीने नष्ट झाला, की त्याने ती चूक लपवण्यासाठी तिच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्या खराब फ्लॉपीवर लावली, की तिच्याकडून कसलाही निष्काळजीपणा झालेला नाही. शिक्षण का सुटलं त्या रकान्यात 'सोबतचा कागद पाहा' असं लिही आणि हा टाचून दे. तीस तारखेच्या आत. ते निष्काळजीपणा असलं काही लिहू नकोस. तो शब्द तुझा नाही.

रविवारी फोन करू नकोस. पुढच्याही रविवारी नको. मला माफ करायची घाई तुला फार असते, आणि या वेळी ती मला नको आहे. केंद्रात जा, रांगेत उभी राहा, फॉर्म दे, पावती घे. माझ्यावर रागावशील तर पोटभर रागाव, पण आधी पावती घे.

लिहून देणार,
सुवर्जी